जत्रेची रजा

हॉटेलातली माणसं नोकरी का सोडतात, या विषयावर मी पीएच.डी. केली आहे. सांगलीच्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात शिकवते, त्यामुळे विषय तसा घरचाच. यावर जगभर इतकं लिहिलं जातं की ते सगळं वाचायचं म्हटलं तर नोकरीच सोडावी लागेल. पगार, बढती, साहेबाचं वागणं, कामाचा ताण असे टप्पे घेत हल्ली गाडी कॉम्प्युटरपर्यंत आली आहे. कुठला वेटर पुढच्या तीन महिन्यांत सोडून जाणार, हे तो आधीच सांगतो म्हणे. यातलं बरंच मी वाचलं, थोडं समजलं आणि प्रबंधात वापरलंही. पण माणूस टिकतो कशानं, हे ज्यांनी मला दाखवलं त्या भूपालअण्णा मगदुमांचं नाव माझ्या प्रबंधात कुठेही नाही. ते का नाही, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

वाईहून पाचगणीकडे निघालं की घाट लागायच्या अलीकडे एक रिसॉर्ट आहे. अण्णा तिथे माणसांच्या खात्याचे मॅनेजर होते. दारावर इंग्रजी पाटी होती, पण तिच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. सगळे 'अण्णांची खोली' म्हणत. अण्णा मिरज तालुक्यातल्या एका गावचे जैन. घरची थोडी ऊसशेती भाऊ बघायचा, आणि अण्णा वाईत एक खोली घेऊन एकटे राहायचे. साठीला टेकलेले, बुटके, पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक मागणाऱ्याला द्यायचं. दिलेलं पेन परत येत नाही हे त्यांनी गृहीतच धरलेलं होतं, त्यामुळे ते त्यावरून कधी चिडले नाहीत.

पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली होती. प्रत्येक प्रश्नापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच चौकोन. अण्णांनी चष्मा लावला आणि चौसष्टच्या चौसष्ट प्रश्न वाचले. मी समोर बसून चहा संपवला, दुसरा मागवला, तोही संपवला. शेवटी ते म्हणाले की कागद चांगला आहे, पण सगळे 'पूर्ण सहमत'वरच खूण करतील.

मी विचारलं, का?

"कागद हापिसातनं आला म्हंजी मालकाचा. मालकाला कोण असहमत म्हनतंय?"

मी हट्टानं वाटल्याच. चार दिवसांनी प्रश्नावल्या परत आल्या. इतका सुखी कर्मचारीवर्ग मी वाचलेल्या एकाही शोधनिबंधात नव्हता. एकानं तर 'मला नोकरी सोडावीशी वाटते' यापुढेही 'पूर्ण सहमत' केलं होतं. अण्णा हसले नाहीत. कागद पिशवीत ठेवा आणि आठ दिवस लॉन्ड्रीत टॉवेलच्या घड्या घाला, एवढंच म्हणाले. मला तो अपमान वाटला. तरी दिवाळीच्या सुट्टीत मी गेले आणि घड्या घातल्या. तिसऱ्या दिवसापासून माणसं माझ्यादेखत बोलायला लागली. माझ्या प्रबंधाची खरी सुरुवात त्या टॉवेलांपासून झाली, हे मी मार्गदर्शक सरांना कधी सांगितलं नाही.

अण्णांच्या बऱ्याच सवयी रिसॉर्टच्या नियमात मुरलेल्या होत्या. ते सूर्यास्तानंतर जेवत नसत. हॉटेलातला धंदा सगळा सूर्यास्तानंतरचा, आणि नोकरमाणसं जेवायची ती पाहुण्यांचं आटोपल्यावर, उरलंसुरलं. अण्णांना साडेपाचला ताट लागायचं. एकट्यानं जेवायला ते तयार नव्हते, म्हणून संध्याकाळच्या पाळीतल्या सगळ्यांचं जेवण साडेपाचलाच व्हायला लागलं, गरम आणि ताजं. आचारी सुरुवातीला कुरकुरला. मग त्याच्या लक्षात आलं की पोट भरलेला वेटर पाहुण्यांच्या ताटाकडे बघत नाही. ही कुठली योजना नव्हती, हा एका माणसाच्या धर्माचा नियम होता, आणि त्याचा फायदा चाळीसेक माणसांना होत होता.

एकदा मी तिथे असताना एका पाहुण्यानं सीताराम नावाच्या वेटरला भर डायनिंग हॉलमध्ये वाटेल ते सुनावलं. पोळी गार होती एवढंच निमित्त. सीताराम चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, खाली मान घालून उभा होता. अण्णा आले, पाहुण्यांची रीतसर माफी मागितली, आणि सीतारामला म्हणाले की खालच्या स्टोअरमध्ये चादरी मोजायच्या राहिल्यात, तेवढ्या मोजून ये. चादरी सकाळीच मोजून झाल्या होत्या. सीताराम दोन तास त्या परत मोजत बसला आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा जागेवर होता.

मी अण्णांना सांगितलं की आमच्या विषयात याला 'भावनिक श्रम' म्हणतात. आतून काही का वाटेना, चेहऱ्यावर हसू ठेवायचं हेही एक कामच आहे, आणि माणूस त्यानं थकतो, असं आता सगळीकडे मानतात. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"काम हाय म्हनता न्हवं? मग त्याची बी सुट्टी पायजे," ते म्हणाले. "आमी चादरी मोजायला लावतो."

पण अण्णांचं खरं कसब कळलं ते एका मुलाखतीत. रुक्मिणी नावाची तिशीची बाई हाउसकीपिंगच्या कामासाठी आली होती. माण तालुक्यातली. नवरा नवी मुंबईत भाजी मार्केटात हमाल, दोन मुलं गावी सासूकडे. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. मुलाखतीतला पहिला प्रश्न कोणता असावा यावर मी वर्गात दोन तास शिकवते. अण्णांनी विचारलं, "गावची जत्रा कवा असती?"

ती गोंधळली. वैशाखात, म्हणाली. अण्णांनी लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक मोठा कागद चिकटवलेला होता. एका बाजूला गावांची नावं, समोर जत्रेची तिथी, त्यापुढे त्या गावातून आलेल्या माणसांची नावं. त्यावर बोट फिरवून ते म्हणाले की तिच्या बाजूची दोनच माणसं आहेत, तिसरी चालेल. जत्रेची चार दिवस रजा आत्ताच लिहून ठेवली. बाकी सीझनभर मात्र एक खाडा चालणार नाही.

रुक्मिणीला खरं वाटेना. वर महाबळेश्वरला एका हॉटेलात ती जत्रेला सोडलं नाही म्हणून काम टाकून निघून आली होती. "तितं रजा मागितली तर म्हनले, जा आन परत येऊ नगंस," ती म्हणाली. "आमचं मालक वरसातनं दोनदाच येत्यात गावाला. दिवाळीला आन जत्रंला."

इथला पेच असा, की पर्यटकांचा सीझन आणि गावोगावच्या जत्रा दोन्ही एकाच वेळी येतात, चैत्र-वैशाखात. मुंबईला गेलेली माणसं जत्रेला परततात, सगळं घर त्या चार दिवसांतच एकत्र असतं. इतर हॉटेलांत भर गर्दीच्या आठवड्यात निम्मी माणसं गायब होतात. एका मॅनेजरनं मला सांगितलं होतं की त्याच्या एका वेटरचे तीन चुलते तीन वर्षांत चैत्रातच वारले. अण्णांकडे कुणाचा चुलता वारत नसे. पाडव्याला नवीन पंचांग आलं की ते सगळ्या तिथ्यांच्या तारखा काढून तक्ता बनवायचे. कोरेगावकडची माणसं जत्रेला गेली की माणकडची त्यांचं काम उचलायची, मग उलट. एका गावची फार माणसं घ्यायची नाहीत, एवढंच पथ्य. आणि दिलेला शब्द मोडायचा नाही. त्या रिसॉर्टमधून वर्षानुवर्षं कुणी फारसं सोडून जात नव्हतं, त्याचं कारण त्या कपाटाच्या दाराआड होतं.

मी हरखून गेले. कुठल्याही शोधनिबंधात हे नव्हतं. फोटो काढू का, असं अण्णांना विचारलं.

"गावं घ्या," ते म्हणाले. "नावं नगा."

नावं मी घेतली नाहीत. इथपर्यंत मी बरोबर होते.

रिसॉर्टमध्ये संशोधन करू द्यायची अट अशी होती की अहवालाची एक प्रत त्यांना द्यायची. मी टॉवेलांच्या घड्या घालून गेल्यावर थोड्याच दिवसांत तिथे नवे जनरल मॅनेजर आले. पुण्याचे, तरुण, कामसू, बोलायला गोड. मी त्यांना अहवाल दिला. त्यात एक सुंदर तक्ता होता. गाव, जत्रेचा महिना आणि सीझनमध्ये किती दिवस माणसं नसतात ते. भर सीझनमध्ये जत्रा असलेली गावं लाल रंगात. रंग मीच दिले होते, आणि छपाई बरी यावी म्हणून सांगलीत चांगल्या ठिकाणी दिली होती. साहेबांनी पानं उलटली आणि फार उपयोगी काम झालंय म्हणाले. मी घरी जाताना पेढे नेले.

अण्णांचा फोन मार्चमध्ये आला. सवड झाली की येऊन जा, एवढंच म्हणाले. गेले तेव्हा अहवाल टेबलावर लाल पानावर उघडा होता. साहेबांनी ठरवलं होतं की यापुढे लाल गावांतून माणसं घ्यायची नाहीत, आणि आहेत त्यांचे वर्षाचे करार मार्चअखेर वाढवायचे नाहीत. त्यांच्या जागी एजन्सीची माणसं येतील. अहवालात नावं नसल्यामुळे, कुठल्या गावचं कोण, हे अण्णांनी लिहून द्यायचं आणि त्यांना कामावरून कमी केल्याच्या पत्रांवर सह्या करायच्या. रुक्मिणीचं गाव लाल होतं. सीतारामचंही.

मी कसंबसं म्हटलं की मी तर खोटं काहीच लिहिलं नाही.

"न्हाई लिवलं," अण्णा म्हणाले. "समदं खरंच हाय. पर खरं कुनाला द्यायचं, ते एकदा इचारायचं हुतं मला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते दमलेले दिसत होते, आणि ते मला अजून आठवतं.

मी तडक साहेबांकडे गेले. सांगितलं की ही माणसं चार दिवस नसतात हे खरं, पण याच लाल गावांतली माणसं सगळ्यांत जास्त वर्षं टिकलीत. ते म्हणाले, असं तुमच्या अहवालात कुठे आहे? नव्हतंच. कोण किती टिकतं हे प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. आधी एखाद्या नियतकालिकात छापून येऊ दे, तोवर बाहेर द्यायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. माझा शोध कुणी पळवू नये म्हणून मी अर्धं खरं झाकून ठेवलं आणि उरलेलं अर्धं रंगीत छापून दिलं. साहेब म्हणाले, पाठवा, पुढच्या वर्षी जरूर विचार करू.

अण्णांनी ठरल्या दिवशी यादी दिली. बंद पाकिटात एक कागद आणि त्यावर एकच नाव. भूपाल मगदूम, त्यांच्या गावाचं नाव, आणि गावचा उरूस भर सीझनमध्ये असतो अशी नोंद. साहेबांना आधी ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. त्यांच्या गावचा उरूस सगळा गाव मिळून करतो, जैनांची घरंही त्यात असतात. अण्णा इतक्या वर्षांत एकदाही त्याला गेले नव्हते. सगळ्यांच्या रजा त्यांनी लिहिल्या आणि स्वतःचं गाव कपाटावर कधी चढवलंच नाही. नियम गावाचा असेल तर तो मला आधी लागू होतो, असं त्यांनी साहेबांना सांगितलं आणि दुसऱ्या कागदावर राजीनामा दिला.

सीझन तोंडावर आलेला. ड्युट्यांचा तक्ता दुसऱ्या कुणाला बनवता येत नव्हता. अण्णांनी एक अट घातली. पूर्ण सीझनचा तक्ता करून देतो, जाताना वाद घालणार नाही, पण प्रत्येकाच्या जत्रेच्या रजेसकट त्या तक्त्यावर साहेबांनी सही करायची आणि पत्रं थांबवायची. साहेबांनी सही केली. त्यांचीही अट होती. जो तक्त्याबाहेर एक खाडा करील किंवा ड्युटी सोडून जाईल, त्याचं पत्र त्याच दिवशी निघेल. अण्णा म्हणाले, कबूल. मग त्यांनी प्रत्येकाला खोलीत बोलावून ही अट दोनदोनदा समजावली.

मी प्रबंधातून तो तक्ता काढून टाकला, रिसॉर्टचा उल्लेखही काढला. मार्गदर्शक सर नाराज झाले, तेवढंच एक नवीन होतं म्हणाले. आभाराच्या पानावर तरी अण्णांचं नाव घालू का, म्हणून फोन केला. नाव घातलं की पत्ता सापडतो, म्हणाले. आणि विषय बदलला.

त्या सीझनला कुणाचंही पत्र निघालं नाही. पण अण्णा ज्या रविवारी रिसॉर्ट सोडून गेले, त्या रविवारी एक निघायची वेळ आली होती.

मी सांगलीहून गाडी घेऊन गेले होते. त्यांना घरी सोडीन म्हटलं होतं. आढेवेढे घेऊन ते कबूल झाले, मात्र रिसॉर्टच्या गेटवर येऊ नका, वाईच्या स्टँडवर भेटा म्हणाले. माझा हिशेब वेगळा होता. वाई ते सांगली तीन तास गाडीत दोघंच असू, तेव्हा माझी चूक कबूल करायची, त्यांची माफी मागायची. वाटेवर काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. त्यांच्याजवळ एक बॅग आणि एक वळकटी होती. निरोपाला कुणी आलं नव्हतं, कारण रविवारच्या गर्दीत एकालाही सुट्टी मिळणार नाही असा तक्ता अण्णांनीच केला होता.

बॅग डिकीत ठेवतोय तोवर वडापच्या जीपमधून रुक्मिणी उतरली. रिसॉर्टचा गणवेश अंगावर, पायात कामाच्या चपला. जेवायच्या सुट्टीत गेटवर न सांगता बाहेर पडली होती. ती वाकायला लागली तसे अण्णा दोन पावलं मागे सरकले. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"कितीला हजर व्हायचं?"

"दोनला."

"आन आता काय वाजलं?"

दोनला वीस मिनिटं होती. जीप निघून गेली होती आणि दुसरी भरेपर्यंत काही खरं नव्हतं. रुक्मिणी रडायला लागली. "तुमी न सांगता निघाला व्हय आण्णा," एवढंच म्हणाली.

"तुला कामावर ठिवायला किती उपद्व्याप केला, आन तू पाया पडायसाठी ते काम घालवायला निगालीस. बस गाडीत." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "मॅडम, हिला सोडा. गेटवर काय सांगायचं ते तुमचं तुमी बगा. मी जातो यष्टीनं."

मी म्हटलं, हिला सोडून लगेच परत येते, तुम्ही थांबा. ते ऐकायला थांबलेच नाहीत. डिकी उघडून त्यांनी आपली बॅग आणि वळकटी काढून घेतली आणि साताऱ्याच्या गाडीत चढले. आमच्या बाजूच्या खिडक्या रिकाम्या होत्या. ते पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, पाठ करून. रुक्मिणी बघत होती तोवर त्यांनी मान वळवली नाही. मग ती माझ्या गाडीत येऊन बसली.

गेटवर पहारेकऱ्यानं वही पुढे केली. मी सांगितलं की हिला मीच बाहेर बोलावलं होतं, मुलाखतीसाठी, संशोधनाचं काम आहे. कारणाच्या रकान्यात त्यानं 'संशोधन' असं लिहिलं आणि मी खाली सही केली. रुक्मिणीनं नळावर तोंड धुतलं आणि आत गेली.

मी गाडी वळवतेय तोच अण्णांचा फोन आला.

"पोचली का?"

"पोचली. दोनला तीन मिनिटं कमी होती."

"मग झालं."

ते फोन ठेवतील म्हणून मी घाईनं म्हटलं, "अण्णा, त्या अहवालाचं मला तुमच्याशी बोलायचं होतं. माझं चुकलं."

"मॅडम, गाडी हायवेला लागलीया," ते म्हणाले. "लय आवाज हाय, काय ऐकू येत न्हाई."

मला मात्र फोनमधून वाईच्या स्टँडवरचा कर्णा स्वच्छ ऐकू येत होता. सातारा गाडीच्या प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावं, गाडी सुटायला अजून पाच मिनिटं आहेत, असं तो सांगत होता.